रिठा, पापडखार आणि आजीचा अंगठा : कपडे धुण्याचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज घरून हेडफोन न घेताच निघालेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मसुदा. मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय थोडा घरगुती आहे. कपडे धुणं.

झालं असं, की महिनाभरापूर्वी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. खाली तळघरात सांडपाणी शुद्ध करण्याचा प्लांट आहे, त्याच्या टाकीवर पांढरा फेस, गुडघाभर. सोबत सूचना : कृपया कपड्यांना पावडर कमी वापरा. त्याच रात्री मला एक रील दिसली. एक ताई हसत हसत सांगत होती, 'केमिकल सोडा, आपल्या पूर्वजांसारखे कपडे धुवा, फक्त रिठा घ्या.' मी इंजिनियर माणूस. फोटो बघितला, रील बघितली, दुसऱ्या दिवशी अर्धा किलो रिठा आणला.

रविवारी गॅसवर पातेलं ठेवलं आणि आजीला व्हिडिओ कॉल लावला. आजी गावाकडे असते, बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरच्या बाजूला. तिने तपकिरी पाणी बघितलं आणि म्हणाली, "काऊन बाबू, चहा कडू करून रायला का?" मी म्हटलं, आजी, रिठा आहे, जीन्स धुणार आहे. ती इतकी हसली, की फोन हातातून पडायचा राहिला. "अरे, हे पानी शालूले, लुगड्याच्या काठाले. धोतराले खारच पायजे, बाप्पा."

तिला हे माहीत असायचं कारण आहे. आम्ही परीट. माझे पणजोबा गावाचे कपडे धुवायचे, आजोबांनीही निम्मं आयुष्य तेच केलं, आणि आजीने त्यांच्यापेक्षा जास्त. म्हणजे त्या रीलमधले 'पूर्वज' जे होते ना, ते शब्दशः माझे होते. म्हणून म्हटलं, या विषयावर एक भाग करायलाच हवा.

आधी थोडी केमिस्ट्री. घाबरू नका, दोनच मिनिटं.

कपड्यावरचा मळ म्हणजे मुख्यतः धूळ आणि तेलकटपणा. तेल पाण्यात विरघळत नाही. मग मध्यस्थ लागतो, ज्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला. साबण हे करतो, डिटर्जंट हे करतं, आणि रिठ्याच्या सालीतलं सॅपोनिन नावाचं द्रव्यही हेच करतं. दुसरी गोष्ट लागते ती खार, म्हणजे अल्कली. खारामुळे तेलकट मळ सुटतो आणि सुती धागा फुगून मळ सोडतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ताकद : आपटणं, घासणं, पिळणं. कपडे धुण्याचा सगळा इतिहास या तीन गोष्टींचा आहे. तिसरी गोष्ट कोणाच्या खांद्यातून यायची, हे मात्र रीलमध्ये कोणी सांगत नाही.

आता रिठा. संस्कृतमध्ये त्याला अरिष्टक म्हणतात, आणि आणखी एक छान नाव आहे, फेनिल. फेस देणारा. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कोणतं कापड कशाने शुद्ध करायचं याची यादीच आहे. रेशीम आणि लोकर खारट मातीने, विशिष्ट प्रकारची घोंगडी रिठ्याने, जवसाच्या धाग्याचं कापड पांढऱ्या मोहरीने. म्हणजे दोनेक हजार वर्षांपूर्वीही लोकांना हे ठाऊक होतं, की एकच पावडर सगळ्याला चालत नाही. रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे रेशीम आणि लोकरीसारख्या नाजूक धाग्यांना ते मानवतं. पश्मिना शाली आजही रिठ्याने धुतात, सोनार दागिने उजळायला रिठा वापरतात. आजीचं वाक्य आणि केमिस्ट्रीचं पुस्तक इथे एकच गोष्ट सांगतात.

पण गावात शालू कितींकडे होता? बाकी सगळं सुती. धोतरं, पागोटी, लुगडी, बाराबंद्या. त्याला लागायचा खार. तो दोन ठिकाणांहून यायचा. एक म्हणजे चुलीतली राख. राख पाण्यात भिजत घालायची, रात्रभर बसू द्यायची, वरची निवळी काढून घ्यायची. त्या निवळीत पोटॅशियम कार्बोनेट असतं. दुसरा म्हणजे जमिनीतला खार. आणि इथे आमच्या बुलढाण्याची एन्ट्री होते.

मेहकरपासून जवळच लोणार आहे. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात तयार झालेल्या, साधारण १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातलं सरोवर. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा तुमच्याही फीडवर फोटो आले असतील. त्याच वर्षी त्याला रामसर दर्जाही मिळाला. पण एक गोष्ट फारशी कोणी शेअर केली नाही : हे सरोवर कित्येक शतकं खाराची खाण होतं. त्याचं पाणी प्रचंड अल्कधर्मी आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर सोडायुक्त क्षारांचे थर जमायचे. लोक त्यांना प्रतीनुसार वेगवेगळी नावं द्यायचे : दल्ला, खुप्पल, पापडी. अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'मध्ये मेहकर सरकारचं वर्णन आहे. तिथे म्हटलंय, की इथल्या डोंगरांत काच आणि साबण बनवायला लागणारं सगळं सामान मिळतं. सोळाव्या शतकाच्या शेवटाला, मुघल दरबारातल्या पुस्तकात, आमच्या तालुक्याचं नाव कशासाठी आलं? तर साबणाच्या कच्च्या मालासाठी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला उगाचच कॉलर ताठ करावीशी वाटली.

आता तिसऱ्या गोष्टीकडे येऊ. ताकद.

परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीच्या वेळी खळ्यावरून धान्य घ्यायचं, हे बलुतं. महिन्याचा पगार नाही, सुट्टी नाही. घरोघरी जाऊन कपडे गोळा करायचे. मोठ्या घरांचे कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून बिब्ब्याच्या रसाने खूण करायची. ती खूण पुढे कितीही धुतली तरी जात नाही. मग मळके सुती कपडे खाराच्या पाण्यात बुचकळून भट्टी लावायची, म्हणजे मोठ्या भांड्यावर कपडे रचून खालून वाफ द्यायची, रात्रभर. पहाटे नदीवर नेऊन दगडावर आपटायचे, उन्हात वाळवायचे, आणि परत प्रत्येकाच्या दारात.

हा व्यवसाय किती जुना आहे आणि त्याच्यावर किती नजर होती बघा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धोब्यांसाठी अक्षरशः नियमावली आहे. लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावरच धुवा, दुसरीकडे धुतलं तर नुकसानभरपाई आणि वर ६ पण दंड. दुसऱ्याचे कपडे विकले, गहाण ठेवले किंवा भाड्याने दिले तर १२ पण. धोब्याने स्वतः घालायच्या कपड्यावर मोगरीची खूण हवी, नाहीतर ३ पण दंड. कोणतं कापड किती रात्रींत परत द्यायचं तेही ठरलेलं, उशीर झाला तर मजुरी गेली. आमच्या कंपनीत याला एसएलए म्हणतात. फरक एवढाच, की आम्ही डेडलाइन चुकवली तर एक मीटिंग होते.

मनुस्मृतीतही, कोणतं कापड कशाने धुवायचं हे सांगणाऱ्या त्याच ग्रंथात, पुढे आठव्या अध्यायात धोब्याने सावरीच्या गुळगुळीत फळीवर हळूहळू धुवावं असं सांगितलंय. कापडाची काळजी सगळ्यांनी घेतली. धुणाऱ्या हातांचं काय होतं, याची नोंद मला या यादीत कुठे दिसली नाही.

ते मी घरी बघितलंय. काही वर्षांपूर्वी आजी रेशन दुकानात गेली, तेव्हा अंगठ्याच्या मशीनने तिचा अंगठा घेतलाच नाही. दहाही बोटं झाली. सोड्याच्या पाण्यात तीस-चाळीस वर्षं गेलेल्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. त्या दिवशी ती धान्य न घेता घरी आली. मी ऑफिसात लॉगिनच्या सिस्टिमवर काम करतो, युजर खरा कोण हे ओळखणं हाच माझा धंदा. आणि माझ्याच आजीला मशीन ओळखत नव्हतं. आमच्या घरात भिंतीवर गाडगेबाबांचा फोटो आहे. तेही परीट समाजातले, १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेले. हातात खराटा घेऊन त्यांनी लोकांची गावं झाडली. लहानपणी मला तो फोटो फक्त देवाच्या फोटोंपैकी एक वाटायचा. आता वाटतं, की स्वच्छता फुकट होत नसते हे त्यांना घरातूनच माहीत असणार.

बरं, साबण कधी आला? 'साबण' हा शब्द अरबी 'साबून' आणि लॅटिन 'सापो' यांच्या कुळातला, म्हणजे शब्दही प्रवास करूनच आलाय. तेल किंवा चरबी अधिक खार, शिजवलं की साबण. कृती जुनी, पण खार महाग होता, म्हणून साबण चैनीची वस्तू होती. १७९१ मध्ये निकोला लब्लांक या फ्रेंच माणसाने मिठापासून सोडा बनवायची रीत शोधली, पुढे १८६० च्या दशकात बेल्जियमच्या सोल्व्हेने आणखी स्वस्त रीत आणली. खार स्वस्त झाला आणि साबणाचे कारखाने उभे राहिले. १८८८ मध्ये लिव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. मग स्वदेशीचं वारं आलं. अर्देशीर गोदरेज यांनी १९१९ च्या सुमारास प्राण्यांची चरबी न वापरता, वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. चरबीमुळे साबण टाळणाऱ्या घरांतही त्यामुळे साबण शिरला.

पण साबणाची एक अडचण आहे, आणि बोअरचं पाणी असलेल्या सगळ्यांना ती माहीत आहे. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं आणि पांढरा चिकट साका तयार होतो, तो कपड्यातच बसतो. शिवाय साबणाला खाण्याचं तेल किंवा चरबी लागते. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी चरबीशिवाय चालणारे मध्यस्थ रेणू शोधायला घेतले. तिथून डिटर्जंटची गोष्ट सुरू होते. १९४६ मध्ये अमेरिकेत टाइड आलं, त्यात पाणी मऊ करायला फॉस्फेट होतं. कपडे पांढरेशुभ्र, बायका खूश, कंपन्या खूश.

आणि मग नद्या फेसाळल्या. पन्नाशीच्या दशकात युरोप-अमेरिकेत नद्यांवर फेसाचे ढीग दिसायला लागले. कारण सुरुवातीच्या डिटर्जंटच्या रेणूची साखळी फांद्या फुटलेली होती आणि जिवाणूंना ती पटकन तोडता येत नव्हती. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा केला. १९६५ पर्यंत अमेरिकेतल्या कंपन्या सरळ साखळीच्या, जिवाणूंना पचणाऱ्या रेणूकडे वळल्या. फॉस्फेटचा प्रश्न वेगळा होता : ते शेवाळाचं खत. ईरी सरोवर शेवाळाने भरलं, तेव्हा त्यावरही बंधनं आली. लक्षात घ्या, हे लोकांनी घरी रिठा उकळून सुटलं नाही. कायद्याने आणि रेणू बदलून सुटलं.

आपल्याकडे १९५९ मध्ये सर्फ आलं, पण ते परवडणाऱ्यांसाठी. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी घरामागच्या अंगणात पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली, मुलीच्या नावावरून तिचं नाव निरमा. जिंगल तुम्हाला पाठ आहे, मी म्हणत नाही. किंमत सर्फच्या काही पटींनी कमी. आजी म्हणते, "ते पिवळं पाकीट आलं अन् भट्टी लावनं सुटलं." तिच्यासाठी डिटर्जंट हा व्हिलन नव्हता. रात्रभर जागण्यातून सुटका होती. त्याच काळात लोक घरीच कपडे धुवायला लागले, बलुतं बंद झालं आणि आजोबांनी इस्त्रीचं दुकान टाकलं. त्या दुकानावर माझे बाबा शिकले, आणि त्यांच्यामुळे मी बीटेक झालो. म्हणून पावडरच्या पाकिटाला शिव्या घालताना माझी जीभ जरा अडखळते.

पण टाकीवरचा फेस खोटा नाही. आळंदीला इंद्रायणीवर आलेला फेस आपण बातम्यांत बघितलाय, त्या फेसात उभे राहून हात जोडणारे वारकरी बघितलेत. बंगळुरूचं बेलंदूर तळं तर फेसाळलंही आणि पेटलंही. आजचं डिटर्जंट जिवाणूंना पचतं हे खरं, पण त्यासाठी सांडपाणी प्लांटमधून जायला हवं, तिथे हवा आणि वेळ मिळायला हवा. कारखान्यांचं आणि शहरांचं पाणी शुद्ध न होताच नदीत गेलं, तर सगळ्यात चांगला रेणूही फेसच करणार.

मग घरी बनवायचं की नाही? मी चार रविवार प्रयोग केले, ते सांगतो.

कृती अशी. वीसेक रिठे फोडून बिया काढा. साल एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी वीस मिनिटं मंद उकळा, गार झाल्यावर कुस्करून गाळा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, नंतर आंबतं. मशीनच्या एका फेरीला मी अर्धी वाटी घेतो. गाळताना डोळ्यांत उडू देऊ नका, भयंकर झोंबतं. आणि फेस कमी येतो म्हणून जास्त ओतू नका, फेस म्हणजे स्वच्छता नव्हे.

निकाल : धुळीचे आणि घामाचे रोजचे कपडे छान निघाले. आईची सिल्कची साडी आणि माझा स्वेटर तर उत्तम. बोअरच्या पाण्यातही चाललं, कारण सॅपोनिनला साबणासारखा कॅल्शियमचा त्रास होत नाही. कॉलरची काळी रेघ मात्र तशीच राहिली. वरणाचा तेलकट पिवळा डागही तसाच. तिथे दोन चमचे धुण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून सुती कपडा अर्धा तास भिजवला, तेव्हा तेल निघालं. हळदीचा डाग सोड्यात लालभडक होतो, घाबरू नका, धुतल्यावर परत पिवळा होतो आणि दोन दिवसांच्या कडक उन्हात उडून जातो. सोडा रेशीम-लोकरीला लावू नका आणि हातमोजे घाला. हा शेवटचा सल्ला आजीचा आहे.

रीलमधल्या दोन गोष्टी तपासून घ्या. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घातलं की बुडबुडे येतात, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात. एकाच व्हेरिएबलमध्ये एक मिळवून लगेच एक वजा करण्यासारखं आहे ते. आणि साबणाची वडी किसून सोड्यात मिसळली, तर तो 'नैसर्गिक डिटर्जंट' होत नाही, साबणच राहतो.

आणखी एक. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असंही नाही. ओढ्यातले मासे गुंगवून पकडायला रिठ्याच्या जातीची फळं पूर्वी वापरली जायची, सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर परिणाम करतं. तेव्हा रिठ्याचं पाणीही थेट ओढ्यात ओतू नका.

माझ्यापुरतं मी असं ठरवलंय : रेशीम, लोकर आणि रोजचे हलके कपडे रिठ्याने. जीन्स, चादरी, कॉलर यांना पावडर, पण पूर्वीच्या निम्मी, मोजून. मशीन भरल्याशिवाय लावायचं नाही. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये पावडरच्या सूचनेसोबत एक प्रश्न विचारायचा : तो प्लांट चोवीस तास चालतो, की वीज वाचवायला रात्री बंद असतो? मागच्या मीटिंगला विचारला. उत्तर मिळालं नाही, पुढच्या वेळी परत विचारणार.

कॉलच्या शेवटी मी आजीला विचारलं, तुला जुनी पद्धत बरी वाटते की आताची? ती म्हणाली, "मले मशीन बरी वाटते." मग जरा थांबून म्हणाली, "पन तू धुवून रायला ना सोताचे कपडे? मंग काहीबी वापर."

रेशन दुकानात आता तिचं डोळ्यांच्या मशीनवर होतं. ते तिला ओळखतं.

तर मंडळी, तुमच्या घरी रिठा, राख, खारी माती असलं काही वापरायचे का, आजीला नाहीतर आजोबांना एकदा विचारा आणि आवाज रेकॉर्ड करून ठेवा. आमच्याकडे आजोबांचा नाही. पुढच्या भागात भेटू.